हातावर न उठलेली गाठ

माणसाच्या छातीत, मधल्या हाडाच्या मागे, एक ग्रंथी असते आणि त्याचं धैर्य तिथे वसतं, असं फार पूर्वी काही थोर लोक मानत. हे वाक्य मी अलिबागच्या एका स्कॅन सेंटरबाहेर बाकड्यावर बसून मोबाइलवर वाचलं. माझ्या त्याच ग्रंथीत लिंबाएवढी गाठ आहे, असं आतल्या डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं. धैर्याबद्दल एवढंच सांगते, की हातातला अर्धा वडापाव मी समोरच्या कुत्र्याला घातला आणि नवऱ्याला म्हटलं, "अहो, घरी चला."

ग्रंथीचं नाव थायमस. नागावच्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे, त्यामुळे दुसऱ्या दिवशी जाऊन कोश काढला. मराठीत तिला 'यौवनलोपी ग्रंथी' म्हणतात. वयात आल्यावर झिजत जाते, म्हणून. लहानपणी ही ग्रंथी शरीराच्या शिपायांची शाळा चालवते: आपला कोण, परका कोण, कोणाला हाकलायचं. शिपाई तयार झाले की शाळा हळूहळू बंद होते. माझी शाळा छप्पन्नाव्या वर्षी बंद व्हायच्या ऐवजी नवे वर्ग काढत सुटली होती, आणि तिथे काय शिकवलं जात होतं याची कोणालाच कल्पना नव्हती.

ज्यांच्या घरात कोणाला हा आजार निघाला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गाठ दुर्मीळ आहे. आम्ही केलेली चूक मात्र कोणाच्याही घरी होऊ शकते.

हात

खोकला गणपतीत सुरू झाला. त्या दिवसांत घरात धूप, अगरबत्त्या, पाहुणे आणि पाहुण्यांच्या सर्द्या असतात, तेव्हा खोकल्याकडे कोणी बघत नाही. गणपती गेले, खोकला राहिला. संध्याकाळी अंग तापायचं. ब्लाउज सैल व्हायला लागले, तेव्हा नणंदबाई म्हणाल्या, "बारीक झालीस, छान दिसतेस." मीही चार दिवस तसंच समजत होते.

गावातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. छातीच्या मधोमध रुंद सावली होती. "टीबीच्या गाठी असू शकतात," ते म्हणाले. थुंकी तपासली, त्यात काही सापडलं नाही. मग त्यांनी माझ्या हाताला, मनगटाच्या वर, कातडीखाली बारीक सुई टोचली आणि पेनाने गोल काढला. "दोन-तीन दिवसांनी दाखवा. टीबी असेल तर इथे गाठ उठेल."

इथे मुग्धाबद्दल सांगायला हवं. मुग्धा आमची एकुलती एक. ती पनवेलला सासरी असते आणि तेव्हा तिला सातवा महिना लागत होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कोणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. ओटभरण करून तिला आणायचं होतं. खोली रंगवून झाली होती. पण फोनवर माझा खोकला ऐकून विहीणबाई, सुलभाताई, म्हणाल्या होत्या, "खोकला कसला आहे तेवढं बघून घ्या, मग न्या खुशाल."

म्हणजे मुग्धा येणार की नाही, ते माझ्या हातावर ठरणार होतं.

त्या दोन दिवसांत हात माझा राहिला नाही. श्रीधर, म्हणजे माझे यजमान, नारळ-सुपारीच्या वाडीतून दर थोड्या वेळाने येऊन बघून जात. शेजारच्या बेबीकाकीने तर तो उजेडाला धरला, बाजारात दुधी निवडतात तसा.

"काय न्हाय हाय. सपाट हाय."

"नीट बघा काकी," श्रीधर म्हणाले.

"नीटच बघतंय ना! माझ्या दिराला उठली व्हती, ही एवढी, बोरासारखी. लाल लाल. हिचा हात बघ, पोळपाट हाय नुसता." आणि मला, "तुला काय बी झाला न्हाय गो. पुस्तकांची धूळ खातंस, दुसरा काय!"

डॉक्टरांनीही हात पाहिला. ते म्हणाले, "गाठ उठलेली नाही, म्हणजे टीबीची शक्यता कमी. पण ही सावली कसली आहे ते बघायला स्कॅन करून घ्या." त्यांची वाक्यं दोन होती. आम्ही पहिलं ऐकलं. श्रीधरांनी दवाखान्याच्या पायरीवरूनच पनवेलला फोन लावला आणि ग्रामपंचायत जिंकल्याच्या आवाजात सांगितलं, "निगेटिव्ह!" हाताचा फोटोही पाठवला. सुलभाताईंनी त्यावर नमस्काराचं चित्र पाठवलं.

मुग्धा आली. हिरवी साडी, फुलांचे दागिने, वाडीतला झोपाळा, सगळं झालं. झाकलेल्या वाट्यांतून तिने बर्फीची वाटी उचलली, तेव्हा मुलगी होणार असं सर्वानुमते ठरलं. त्या महिन्यात आमच्या घरी सगळ्या तपासण्या साधारण याच पद्धतीने चालल्या होत्या.

एकटीला झोप लागत नाही म्हणून ती माझ्याजवळ झोपायची. डास येतात म्हणून खिडकी बंद. मी खोकले की झोपेतच माझी पाठ चोळायची. नंतर कित्येक आठवडे मला दुसरं काही आठवत नव्हतं. ती बंद खिडकी आणि पाठीवरचा तिचा हात, एवढंच.

पलीकडे

स्कॅन ओटभरणानंतर केला, आणि त्यात ती लिंबाएवढी गाठ निघाली. मुंबईला न्या, म्हणाले. आम्ही रेवसहून लाँच धरली. भाऊच्या धक्क्याला उतरेपर्यंत श्रीधर एक शब्द बोलले नाहीत. उतरताना म्हणाले, "भरती होती म्हणून लवकर पोचलो." मी "हो" म्हटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की घाबरल्यावर भरती-ओहोटीवर बोलता येतं.

मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात छातीत सुई घालून तुकडा काढला. निदानाच्या दिवशी आम्ही दोघं एका लांबलचक कॉरिडॉरमध्ये बसलो होतो. भिंतीवर रुग्णालयाच्या एका इमारतीच्या उद्घाटनाची संगमरवरी पाटी होती. तिच्यावर सात मान्यवरांची नावं होती आणि खाली कोणीतरी पेनाने लिहिलं होतं, 'लिफ्ट बंद आहे'. ती पाटी मी इतक्या वेळा वाचली, की आजही मान्यवर क्रमाने म्हणून दाखवीन.

डॉक्टर तरुण होत्या. आमच्या मुग्धाहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्या म्हणाल्या, "थायमोमा आहे. हळू वाढणारा आहे, काढता येईल." श्रीधरांनी श्वास सोडला. मी अजून धरून होते, कारण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं.

"हा खोकला कधीपासून आहे? टीबीचं बघितलंय का?"

"बघितलं ना!" श्रीधरांनी लगेच फोन काढून हाताचा फोटो पुढे केला. "निगेटिव्ह."

डॉक्टरांनी फोटो मोठा करून पाहिला. "अगदीच सपाट आहे."

"एकदम सपाट," श्रीधर खुशीत म्हणाले.

"तेच मला बरं वाटत नाहीये, काका."

मग त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. टोचतात ते टीबीच्या जंतूपासून काढलेलं द्रव्य असतं. शरीराने तो जंतू पाहिलेला असेल आणि शिपाई जागेवर असतील, तर ते धावून येतात आणि तिथे गाठ उठते. गाठ उठली नाही, याची कारणं दोन असू शकतात. एक तर जंतू कधी आलाच नाही. नाहीतर तो आलाय, ऐसपैस बसलाय, आणि शिपायांना पत्ताच नाही. थायमसमधल्या या गाठीमुळे काही जणांत दुसरं घडतं. सगळ्यांत नाही. पण काही जणांत ही बिघडलेली शाळा असे शिपाई बाहेर सोडते, जे टीबीशी लढताना एकमेकांना द्यायचे निरोपच वाटेत अडवतात.

खाडीत टाकलेलं जाळं रिकामं आलं, म्हणून खाडीत मासा नाही असं आम्ही धरलं होतं. जाळं धड आहे का, हे कोणी पाहिलं नव्हतं.

"नव्या मशीनवर थुंकी परत तपासू," त्या म्हणाल्या. "उद्यापर्यंत फोन करते. तोवर घरात मास्क लावा."

मी लावला. घरी गेल्यावर मुग्धा म्हणाली, "आई, काय गं हे, घरात?" मी म्हटलं, "डॉक्टरांचं असतं काहीतरी." आणि रात्री तिच्याजवळ झोपले नाही. पाठ दुखते, असं सांगितलं.

फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मुग्धा ओटीवर खुर्चीत पाय वर घेऊन तिखट-मीठ लावलेला पेरू खात होती. मी समोर.

"पॉझिटिव्ह आहे," डॉक्टर म्हणाल्या. "औषधं लगेच सुरू करू, ऑपरेशन थोडं पुढे नेऊ. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई कोणी आहे का?"

मी मुग्धाकडे बघितलं.

"आहे," मी म्हटलं. "समोर बसलीय."

आणि उठून अंगणात गेले.

"आई, कोणाचा फोन?" ती उठायला लागली.

"तू तिथेच बस."

"झालं काय पण?"

"तिथेच बस गं! येऊ नकोस!"

मी तिच्यावर कधी ओरडत नाही. ती पेरूची फोड हातात धरून तशीच उभी राहिली. मी आंब्याच्या झाडापर्यंत मागे मागे गेले. स्वतःच्या मुलीपासून लांब पळायचं कसं, हे शरीराला आपोआप कळलं. बाकी काहीच त्याला कळत नव्हतं.

पाहुण्यांची खोली

संध्याकाळी जावई, निखिल, गाडी घेऊन आला आणि तिला घेऊन गेला. ओटी भरलेली लेक बाळंत न होता परत सासरी गेली. नणंदबाई म्हणाल्या, "असं आपल्याकडे कधी झालं नाही." त्यांना वाईट वाटलं म्हणून त्या म्हणाल्या, हे मला ठाऊक आहे.

सुलभाताई एकही वाकडा शब्द बोलल्या नाहीत. 'मी म्हटलं होतं' हे तर त्या म्हणाल्याच नाहीत, आणि इतक्या स्पष्टपणे म्हणाल्या नाहीत, की ते पनवेलहून नागावला ऐकू आलं.

वाडीच्या टोकाला आम्ही पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या आहेत. त्यातल्या एकीत मी राहायला गेले. खोलीचं नाव 'सी व्ह्यू'. समुद्र दिसत नाही, पण पश्चिमेला आहे हे खरं. भिंतीवर माझ्याच अक्षरात लावलेल्या सूचना होत्या: सकाळी दहाला खोली सोडावी, ओले कपडे गादीवर टाकू नयेत, मोठ्याने संगीत लावू नये. पाहुण्यांना त्या वाचून काय वाटत असेल ते मला प्रथमच समजलं. बुकिंग बंद ठेवलं होतं. विचारणाऱ्यांना श्रीधर सांगत, "दुरुस्ती चालू आहे."

औषधांबद्दल थोडं. गोळ्या घेतल्यावर लघवी नारिंगी होते. हे आरोग्य केंद्रातल्या ताईंनी आधीच सांगितलं होतं. नसतं सांगितलं, तर त्याच सकाळी माझा कारभार आटोपला असता. मळमळतं. तोंडाला कडू चव राहते. सोलकढीने थोडं बरं वाटायचं. श्रीधर रोज नारळ फोडून, वाटून, गाळून करायचे. त्यांना आधी चहाही धड येत नव्हता. पहिल्या दिवशीची सोलकढी पिण्यापेक्षा गोळ्या बऱ्या, असं मी म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात ती इतकी चांगली झाली, की मी काही म्हणाले नाही. माणूस बिघडतो.

हे दिवसाचं झालं. भीती या सगळ्याच्या खालून वाहत असायची. गाठीची भीती नव्हती. छातीचं हाड कापणार, हेही मी बाजूला ठेवू शकत होते. मुग्धाला लागलं असेल का, आणि तिच्यातून बाळाला, एवढाच एक प्रश्न होता आणि त्याचं उत्तर कोणीही छातीठोक देत नव्हतं. पनवेलला तिला तपासलं. पोटावर शिशाचा पट्टा घालून एक्स-रे काढला. डॉक्टरांनी सांगितलं, "आत्ता तरी काही नाही. लक्ष ठेवू." आमचा अनुभव असा, की चाचणीत काही नाही निघालं की नेमकं तेव्हाच घाबरावं. मी तिला रोज फोन करायचे.

"खोकला?"

"नाही."

"ताप? घाम येतो का संध्याकाळी?"

"आई, पनवेल आहे हे. सगळ्यांनाच घाम येतो."

"वजन?"

"वाढतंय. आत माणूस आहे."

"खोकून दाखव बघू."

"आई, तू विचारलंस की मला खरंच खोकला येतो!"

"म्हणजे आत्ता आला?"

तिने फोन ठेवला. संध्याकाळी तिनेच केला. "मलाही भीती वाटते," म्हणाली. "पण दोघींनी एकदम नको. सकाळी तू घाबर, संध्याकाळी मी घाबरते." आम्ही तसं ठरवलं. पाळलं नाही, पण ठरवलं होतं.

मी डिंकाचे लाडू करून पाठवले. मास्क लावून, हात धुऊन, श्रीधरांकडून वळून घेऊन. हा आजार खाण्यातून पसरत नाही, हवेतून पसरतो. ते मला माहीत होतं, सुलभाताईंनाही माहीत होतं, त्या शिकलेल्या आहेत. डबा त्यांनी फ्रिजवर ठेवला. "नंतर खाऊ," म्हणाल्या. मला राग यायला हवा होता. पण त्यांच्या जागी मी असते, तर डबा घराबाहेर ठेवला असता.

"त्या दुपारी झोपल्या की मी खाते," मुग्धाने कळवलं. "बाबांनी वळलेत ना? चौकोनी आहेत."

मधल्या काळात वाचनालयाचे अध्यक्ष कार्यकारिणीसह भेटायला आले. अंगणाच्या पार पलीकडे, फणसाखाली, ओळीत उभे राहिले. अध्यक्षांचा मास्क हनुवटीवर होता, कारण त्यांना भाषण करायचं होतं. मी 'संकटाशी झुंजणारी रणरागिणी' आहे, असं त्यांनी सांगितलं. रणरागिणी तेव्हा पायात श्रीधरांच्या चपला घालून, मळमळ आवरत उभी होती. शाल माझ्या अंगावर कोण घालणार यावर थोडी कुजबुज झाली. शेवटी ती फणसाच्या फांदीवर ठेवण्यात आली. नारळही दिला. नारळाच्या वाडीत.

"सत्कार झाडाचा झाला," ते गेल्यावर श्रीधर म्हणाले. किती तरी दिवसांनी मी हसले, आणि हसता हसता खोकले.

वॉर्ड

औषधं काही आठवडे चालल्यावर थुंकी साफ यायला लागली आणि ऑपरेशनची तारीख मिळाली. तारीख मुग्धाच्या दिवसांच्या अगदी जवळ होती. पुढे ढकला, असं मी म्हटलं. डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही तिथे असून काय करणार आहात? तुम्हाला जवळ जाता येणार नाहीये." खरं होतं. खरं बोलणाऱ्या डॉक्टर मिळणं हे भाग्याचं असतं, पण ते नंतर.

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही, म्हणून लिहीत नाही. नंतरचा वॉर्ड आठवतो. पहाटे चहा, मग झाडू, मग ताप बघणं, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी. ते आत येताना पुढे चार आणि मागे सहा जण असत. पालखीच निघायची, फक्त भजन नसायचं. ते प्रत्येक खाटेपाशी थांबून "छान" म्हणत. शेजारच्या खाटेवर मुरुडच्या हमीदाबी होत्या. त्यांचा मुलगा मस्कतला. त्यांच्या फुप्फुसाचं ऑपरेशन झालं होतं. खोकला येईल तेव्हा उशी छातीशी घट्ट धरायची, हे त्यांनी मला शिकवलं. फेरी गेली की त्या हळूच म्हणायच्या, "अल्ला का शुक्र, आपण दोघी छान आहोत."

"हसवू नका हो, टाके दुखतात."

"मी कुठे हसवते? सायेब बोलले ते सांगते."

तिसऱ्या दिवशी निखिलचा फोन आला. श्रीधरांनी तो माझ्या कानाशी धरला.

"आई, मुलगी झाली. दोघीही बऱ्या आहेत."

"खोकते का?"

"मुग्धा? नाही."

"बाळ!"

"आई, ती आत्ता झालीय. अजून पुसली पण नाहीये."

मला रडायचं होतं. छातीचं हाड तारेने बांधलेलं असताना रडता येत नाही. हमीदाबींनी त्यांची उशीही माझ्याकडे सरकवली. दोन उश्या धरून मी जेवढं जमलं तेवढं रडले.

डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी बसवून सांगितलं. गाठ पूर्ण निघाली आहे. पण गाठ गेली म्हणजे बिघडलेले शिपाई लगेच सुधारतील असं नाही. काहींचे सुधारतात, काहींचे नाहीत. टीबीचा कोर्स एक दिवसही चुकवायचा नाही. पुढेही साधा ताप आला तरी साधा समजायचा नाही, आणि कुठलीही चाचणी निगेटिव्ह आली, तर 'का?' असं विचारायचं. हे शेवटचं मी इथे मुद्दाम लिहिते. आमच्या घरी तो शब्द आला तेव्हा आम्ही पेढे आणले होते.

अंगण

बाळाचं नाव ओवी ठेवलं. बारसं पनवेलला झालं, ते मी फोनवर पाहिलं. फोन कोणीतरी उलटा धरला होता, त्यामुळे सगळ्या बायका छताला लोंबकळत पाळणा म्हणत होत्या.

थुंकी साफ असली, तरी माझ्या शरीराचा भरवसा नाही म्हणून डॉक्टरांनी घाई केली नाही. थुंकीच्या नमुन्यात जंतू वाढतात का ते आठवडेच्या आठवडे ठेवून बघतात, तसं दोनदा बघायचं ठरलं. तोवर रविवारी सगळे नागावला यायचे. मुग्धा बाळाला घेऊन अंगणात झोपाळ्यावर बसायची, मी मास्क लावून खोलीच्या पडवीत. मधे मोकळी हवा आणि श्रीधर. मी तिथून हातवारे करायचे, गाणी म्हणायचे. ओवी टकामका बघायची. पुढे पुढे हसायला लागली. एकदा ती शिंकली, तर मी आत जाऊन दार लावून घेतलं आणि कॉटवर बसून राहिले. मुग्धा बाहेरून ओरडली, "आई, फुलपात्रातलं पाणी उडालं तिच्या नाकात! बाहेर ये!"

बाहेर आले, पण त्या दिवशी पडवीच्याही मागच्या टोकाला बसले.

शेवटी दोन्ही नमुने साफ आले. कोर्स संपला. मुग्धाचा दुसरा एक्स-रे स्वच्छ. ओवीला बालरोगतज्ज्ञांनी दोनदा तपासलं, वजन, छाती, सगळं. मी फोनवरून त्यांना विचारलं, की निगेटिव्ह आहे म्हणजे का निगेटिव्ह आहे? ते म्हणाले, "आजी, कारण तिला काही झालेलं नाही." त्यांनी सगळं नीट समजावलं तेव्हा मला ते पटलं. पूर्ण नाही. पण रात्री झोपण्याइतकं पटलं.

मुंबईच्या डॉक्टर म्हणाल्या, "घ्या आता नातीला. मास्कची गरज नाही."

त्या रविवारी सुलभाताईही आल्या. ओवी आता पाच महिन्यांची होती. श्रीधरांनी अंगणात रांगोळी काढली होती. ती काय होती ते विचारलं नाही. मी इस्त्रीची साडी नेसून झोपाळ्यावर बसले. नणंदबाईंनी निरांजन लावलं. बेबीकाकी कुंपणापाशी पदर सावरून उभी. निखिलने फोन सरळ धरला आहे ना, ते दोनदा तपासलं.

मुग्धा बाळाला घेऊन पुढे आली, पण सुलभाताईंनी तिला थांबवलं. बाळ स्वतःच्या हातात घेतलं, माझ्याजवळ आल्या आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "फार थांबलात."

त्यांचे डोळे भरले होते. माझेही. मी मास्क काढला आणि खाली वाकले.

ओवीने माझ्या तोंडाकडे पाहिलं. नाक पाहिलं, मग हनुवटी. तिचा खालचा ओठ हळूच बाहेर आला, आणि तिने जो टाहो फोडला, त्याने वाडीतले बगळे उठले.

"भूक लागली असेल," नणंदबाई.

"झोप आलीय," निखिल.

"नजर लागली पोरीला," कुंपणावरून बेबीकाकी. "मीठ आना गो!"

मुग्धाने थोडा वेळ दोघींकडे पाहिलं. मग म्हणाली, "आई, तो मास्क लाव बघू परत."

मी लावला. ओवी थांबली, नीट निरखून पाहिलं, आणि हसली.

डॉक्टरांनी मास्क बंद करून आता तीन महिने झाले. पन्नास मास्कचा खोका आम्हाला दोन महिने पुरतो.